डॉक्टर, रात्री दचकून जाग येते आणि छाती धडधडत असते

या वेळी एकाच तक्रारीची पत्रं ढिगाने आलीयेत. रात्री अचानक जाग येते, छातीत धाडधाड चाललेलं असतं, आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. वरवर वाचलं तर सगळ्यांना एकच दुखणं आहे असं वाटेल, म्हणून मुद्दाम चार अशी पत्रं निवडली ज्यात चौघांचं दुखणं अगदी वेगवेगळं आहे. दवाखान्यात येऊन नुसतं ‘रात्री धडधडतं’ एवढंच सांगितलं की आमच्या हाती फारसं काही लागत नाही, कारण तुम्ही सकाळी अकराला येता तेव्हा हृदय शहाण्यासारखं चालत असतं आणि ईसीजी स्वच्छ येतो. पण ते सुरू कसं झालं, थांबलं कसं, त्या वेळी मिनिटाला ठोके किती होते आणि ते एका लयीत पडत होते की वेडेवाकडे, एवढं सांगितलंत तर अर्धं निदान खुर्चीत बसल्या बसल्या होतं. पत्रं थोडी आटोपशीर करून देतोय.

प्रश्न: माझं वय ४३, पुण्यात सहकारी बँकेत नोकरी करते, दोन मुलं आहेत. दिवाळीनंतर हा त्रास सुरू झाला. अकराला झोपते आणि दीडच्या सुमाराला एकदम दचकून उठते, स्वप्न वगैरे काही नसतं, पण छाती इतकी धडधडते की गळ्यापर्यंत जाणवतं, श्वास पुरत नाही, हातपाय गार पडतात, ओठांभोवती मुंग्या येतात आणि आता आपण जाणार असंच वाटतं. अर्ध्या तासाने ओसरतं पण मग झोप येत नाही. मोठे दीर मागच्या वर्षी ४६ व्या वर्षी अटॅकने गेले, तेव्हापासून घरात सगळेच धसका घेऊन आहेत. ईसीजी आणि टूडी इको केला, दोन्ही नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. मिस्टर म्हणतात अ‍ॅसिडिटी आहे, सासूबाईंनी दृष्ट काढली. मेडिकलवाल्याने झोपेची अर्धी गोळी दिली ती घेतली की बरं वाटतं, पण आता ती रोजच लागायला लागलीये. मला नक्की काय झालंय?

उत्तर: ताई, सासूबाईंनी दृष्ट काढली ते राहू द्या, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. गोळीचं मात्र बिघडतं, त्याच्याकडे येतोच.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती म्हणजे वेळ. झोप लागल्यावर दोन-अडीच तासांत जाग, स्वप्नाचा मागमूस नाही, डोळे उघडतानाच भीती सोबत, हातपाय गार, ओठांना मुंग्या आणि अर्ध्या तासात सगळं ओसरणं, हे वर्णन झोपेतल्या पॅनिक अटॅकशी तंतोतंत जुळतं. लोकांना वाटतं पॅनिक म्हणजे दिवसा, गर्दीत, लिफ्टमध्ये वगैरे, पण ज्यांना पॅनिकचा त्रास असतो त्यातल्या बऱ्याच जणांना तो कधी ना कधी झोपेतही येतो. वाईट स्वप्न बहुतेक वेळा पहाटेकडे पडतं, डोळ्यांची बुबुळं भराभर हलतात त्या झोपेत, आणि उठल्यावर ते आठवतं. पॅनिक त्या आधी येतो, झोप हलकीकडून गाढीकडे सरकत असताना, म्हणून ‘मी तर कसला विचारही करत नव्हते हो’ असं सगळेच म्हणतात आणि ते खरंच असतं. शरीराचा धोक्याचा गजर चुकीच्या वेळी वाजलेला असतो, अ‍ॅड्रिनलिन सुटतं, ठोके वाढतात. मग घाबरून आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यानेच मुंग्या येतात, चक्कर येते, श्वास पुरत नाहीये असं वाटतं. म्हणजे श्वास कमी पडतोय असं वाटत असताना तो उलट जास्त घेतला जात असतो.

आता ‘टेन्शन घेऊ नका’बद्दल. हा आमच्या व्यवसायातला सगळ्यात स्वस्त सल्ला आहे. इको नॉर्मल आला याचा अर्थ हृदयाचे स्नायू आणि झडपा ठीक आहेत एवढाच, त्रास खोटा आहे असा नाही. शिवाय पॅनिकचा शिक्का मारायच्या आधी काही गोष्टी बघायलाच हव्यात आणि तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही. थायरॉइड बघितलाय का? टीएसएच ही साधी रक्ततपासणी आहे. थायरॉइड जास्त काम करत असेल तर धडधड, हाताला कंप, उकाडा सहन न होणं आणि खाऊनपिऊन वजन उतरणं असं होतं, आणि ज्या बायका आधीच थायरॉइडची गोळी घेतायत त्यांचा डोस जास्त झाला तरी हेच होतं. दुसरं हिमोग्लोबिन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्त कमी असल्याचं दिसलंय, म्हणजे तुमच्या बँकेत काउंटरवर बसलेल्या दोघींपैकी एकीला असायला हरकत नाही. बायकांमध्ये १२ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे कमीच. रक्त कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त पळावं लागतं. ‘मला नेहमी दहाच असतं’ असं बायका इतक्या सहज सांगतात की जणू तो चपलेचा नंबर आहे.

तिसरं म्हणजे पाळी. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, आणि त्याच्या आधीची काही वर्षं हार्मोन्सचा चढउतार चालू असतो, त्यामुळे ४३ हे वय त्यात बसतं. पाळी मागेपुढे होतेय का, आधी अंगातून वाफा निघाल्यासारखं होऊन मानेला, छातीला घाम फुटतो आणि मग धडधड होते का, हे आठवून बघा. आधी गरम, मग धडधड असं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, त्यावर चांगले उपचार आहेत. तुम्ही गार पडते लिहिलंय म्हणून माझं मत पॅनिककडे झुकतंय, पण दोन्ही एकत्रही असू शकतं, शरीर काही एका वेळी एकच रोग असा नियम पाळत नाही.

पुढच्या वेळी जाग आली की मोबाईल उचलण्याआधी नाडी बघा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटं, अंगठा नको कारण त्याची स्वतःची नाडी मध्ये येते, अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. पॅनिकमध्ये ती साधारण शंभर-सव्वाशेच्या घरात आणि एका लयीत असते, आणि कमी होताना हळूहळू उतरते. एका कागदावर वेळ, ठोके, लय, आदल्या संध्याकाळी काय खाल्लं-प्यायलं एवढं लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. पण हे मोजणं निदानापुरतंच हां. निदान झाल्यावरही रोज रात्री नाडी धरून पडून राहिलात तर ती वाढलेलीच सापडेल, कारण लक्ष ठेवलं की ती वाढतेच. डाव्या कुशीवर झोपल्यावर तर हृदय छातीच्या भिंतीला जास्त टेकतं, त्यामुळे अगदी साधे ठोकेही जोरात जाणवतात. खूप जण त्यालाच धडधड समजून उठून बसतात.

त्या अर्ध्या तासात काय करायचं? उठून बसा, पाय जमिनीला टेकवा, मंद दिवा लावा. श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब करा, चार मोजत नाकाने घ्या आणि सहा-सात मोजत सोडा, पाच-दहा मिनिटं. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा तो जुना प्रकार करू नका, खरंच हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर तो महागात पडतो. मनाशी एवढंच म्हणा की हे आधीही आलं होतं आणि गेलं होतं. लगेच झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका, दुसऱ्या खोलीत काहीतरी कंटाळवाणं वाचा. आणि आज पुन्हा येईल म्हणून झोपच लांबवत बसू नका, अपुरी झोप हे पॅनिकचं आवडतं खाद्य आहे. संध्याकाळचा चहा बघा. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे मार्च एंडिंगला सहा-सात वाजता घेतलेले दोन चहा रात्री अकराला निम्मे तरी शिल्लक असतात.

आता ती अर्धी गोळी. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण ती बहुतेक अल्प्राझोलाम असणार. ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते. ती काम करते यात शंका नाही आणि तोच तिचा धोका आहे, कारण काही आठवड्यांत सवय लागते आणि सोडायला गेलं की धडधड दुप्पट होऊन परत येते. म्हणून उद्यापासून एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. पॅनिकवर खरा टिकाऊ उपाय म्हणजे सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत. त्यात त्या लक्षणांना न घाबरण्याचं रीतसर प्रशिक्षण देतात, मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावून ‘बघा, मुंग्या आल्या, काही झालं नाही’ असं शिकवतात. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ एसएसआरआय गटातली, म्हणजे चिंता आणि नैराश्यावरची गोळी देतात, तिचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि पहिले काही दिवस उलट थोडं बेचैन वाटू शकतं, म्हणून कमी डोसने सुरू करतात. बरेच लोक नेमके त्याच आठवड्यात ‘मला सूट झाली नाही’ म्हणून ती सोडून देतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हटल्यावर घरात कुणाच्या भुवया वर गेल्या तर जाऊ देत. आधी नुसतं बोलायचं असेल तर सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

एक गोष्ट राहिली आणि ती मला तुमच्या धडधडीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. तुमचे दीर ४६ व्या वर्षी अटॅकने गेले. ते तुमच्या रक्ताचे नाहीत, त्यामुळे तो वारसा तुमच्याकडे येत नाही, तो येतो तुमच्या मिस्टरांकडे. सख्ख्या भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल तर दुसऱ्या भावाचा धोका वाढलेला धरतात. घरात अटॅकच्या भीतीने तुम्ही जाग्या आहात आणि ज्यांनी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासायला हवं ते अ‍ॅसिडिटीचं निदान करून शांत झोपलेत. या आठवड्यात त्यांना तपासणीला घेऊन जा, तंबाखू-सिगरेट असेल तर तीही बंद.

आणि हे मात्र सगळ्याच वाचकांसाठी. छातीवर दाब किंवा आवळल्यासारखं दुखणं, ते जबड्याकडे, हाताकडे, पाठीकडे जाणं, दरदरून घाम, चक्कर येऊन पडणं, आडवं झालं की दम लागणं आणि उठून बसल्यावर बरं वाटणं, यातलं काही असेल तर श्वासाचे व्यायाम करत बसू नका, १०८ ला फोन करा. बायकांमध्ये अटॅक कधी कधी छातीत न दुखता नुसता दम, मळमळ आणि प्रचंड थकवा असाही येतो. शंका आली आणि कॅज्युअल्टीत जाऊन ईसीजी नॉर्मल निघाला तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

प्रश्न: मी एसटीत ड्रायव्हर आहे, वय ५१, सोलापूर. रात्री दोन-तीन वेळा गुदमरल्यासारखं होऊन खाडकन जाग येते, छाती जोरात उडत असते, तोंड कोरडं पडलेलं असतं. लगेच लघवीलाही जावं लागतं. दहा मिनिटांत परत झोप लागते पण सकाळी डोकं जड. बायको म्हणते तुम्ही घोरता आणि मध्येच बंद पडता, तिला भीती वाटते. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत तरी वरचं १५०-१६० राहतंच. सुट्टीच्या आदल्या दिवशी दोन पेग घेतो, झोप छान लागावी म्हणून.

उत्तर: दादा, तुमच्या बायकोने निदान केलंय, मी फक्त त्याला नाव देतो. याला म्हणतात स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, म्हणून घोरणं मध्येच थांबतं. छाती प्रयत्न करत असते पण हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू अ‍ॅड्रिनलिनचा फटका देऊन तुम्हाला उठवतो. धडधड त्याची आहे. तुम्हाला दोन-तीन वेळा जाग आल्याचं आठवतं, पण मेंदू कदाचित तासाला वीस-तीस वेळा उठत असेल, अशी जाग काही सेकंदांची असते आणि लक्षात राहत नाही. रात्रीची लघवी, सकाळचं डोकं जड होणं आणि दोन गोळ्या घेऊनही न उतरणारं बीपी, ही सगळी याचीच पिलावळ. म्हणून तिसरी गोळी वाढवण्याआधी डॉक्टरांना घोरण्याबद्दल सांगा. ते आपण होऊन विचारतीलच असं नाही.

शर्टाची कॉलर किती लागते? सोळा इंचांच्या वर लागत असेल, पोट सुटलेलं असेल, तर शक्यता आणखी वाढते. बायकोला सांगा, तुम्ही झोपल्यावर मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायला. घोरणं, मग शांतता, मग गचका देऊन मोठा श्वास, हे एकदा दिसलं की छातीरोगतज्ज्ञांना किंवा कान-नाक-घसावाल्यांना दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही. मग स्लीप स्टडी करतात, आता ती घरीही एक छोटं यंत्र लावून होते. तासाला पाचच्या वर श्वास अडकत असेल तर रोग आहे, तीसच्या वर म्हणजे तीव्र. खर्चाची चिंता असेल तर जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या छातीरोग विभागात आधी विचारा.

उपचार म्हणजे सीपॅप, रात्रभर नाकावर मास्क लावून हवेचा हलका दाब देणारं मशीन. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते जगापुढे आणलं आणि सुरुवातीची यंत्रं व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून केलेली होती, म्हणजे जुगाड फक्त आपल्याकडेच होतो असं नाही. पहिले काही दिवस मास्क नको नको होतो, पण जे चिकाटीने लावतात ते म्हणतात इतकी झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. वजन दहा टक्के उतरलं तरी फरक पडतो, आणि पाठीवर न झोपता कुशीवर झोपा.

ते दोन पेग मात्र बंद. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण घसा आणखी सैल पडतो आणि तिचा अंमल उतरायला लागला की रात्रीच्या उत्तरार्धात हृदय पळायला लागतं. वरच्या पत्रातली झोपेची गोळी तर तुमच्यासाठी अजिबातच नाही, बेशुद्धागत झोपलेल्या माणसाचा श्वास अडकला तर त्याला उठवणार कोण?

आणि जाग येईल तेव्हा नाडी बघा. ठोके अगदी अनियमित, ना क्रम ना लय, असे लागले तर दिवस न घालवता ईसीजी काढा. अ‍ॅप्निया असणाऱ्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं, जास्त दिसतं, त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि अर्धांगवायूचा धोका साधारण पाचपट होतो.

तुम्ही लिहिलं नाहीत पण मला विचारायलाच हवं. गाडी चालवताना डुलकी लागते का? दुपारच्या फेरीला, सरळ रस्त्यावर, एका क्षणाची? लागत असेल तर निदान होऊन उपचार सुरू होईपर्यंत ड्युटी बदलून मागा. नोकरीचं काय होईल ही भीती मी समजू शकतो, पण मागे चाळीस माणसं बसलेली असतात. आणि हा रोग उपचारात असला की ड्रायव्हर व्यवस्थित गाडी चालवतात, तो नोकरी घालवणारा रोग नाही.

प्रश्न: सर मी एमपीएससीची तयारी करतोय, वय २४. मला मधूनच, कधी वाचताना कधी झोपेत, अचानक ठोके इतके फास्ट होतात की मानेतली शीर उडताना दिसते. मित्राच्या वॉचवर १९० दाखवलं होतं. पंधरा-वीस मिनिटांनी जसं येतं तसं अचानक बंद. नंतर खूप लघवी होते. महिन्या-दीड महिन्यातून एकदा. २४ तासांचं होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी टिपणारं यंत्र) लावलं, काही आलं नाही. सगळे म्हणतात परीक्षेचं टेन्शन आहे आणि चहा कमी कर.

उत्तर: मित्रा, चहा कमी करच, तुमच्या अभ्यासिकांच्या बाहेरच्या टपऱ्या मला माहितीयत. पण हे टेन्शन नाही असं माझं मत आहे. बटण दाबल्यासारखं सुरू आणि बटण दाबल्यासारखं बंद, १९० चा वेग, मानेत उडणं आणि नंतरची भरपूर लघवी, ही एसव्हीटीची, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणाऱ्या वेगवान ठोक्यांची ओळख आहे. हृदयाला ठोक्याचा संदेश देणाऱ्या वायरिंगमध्ये जन्मापासून एक जादा वाट असते, कधीतरी संदेश त्या वाटेने गोल गोल फिरायला लागतो. टेन्शनची धडधड अशी चालूबंद होत नाही, ती चढते आणि उतरते, आणि २४ वर्षांच्या पोराला नुसतं बसल्या जागी १९० पर्यंत नेत नाही.

होल्टरमध्ये काही न येणं साहजिकच आहे, महिन्यातून एकदा येणारा पाहुणा नेमका त्याच चोवीस तासांत कसा सापडणार. (नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकी संशोधकाचं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं होतं आणि त्याचं वजन ३८ किलोच्या आसपास होतं, तुझं खिशात मावलं हे नशीब समज.) तुला दोन-तीन आठवडे लावता येतं असं इव्हेंट रेकॉर्डर मिळतंय का ते विचार. नाहीतर सोपा मार्ग म्हणजे धडधड सुरू झाली की जवळच्या हॉस्पिटलमध्ये जायचं आणि दुसरं काही करायच्या आधी ईसीजी काढून घ्यायचा. त्या एका कागदाची किंमत बाकीच्या सगळ्या रिपोर्टपेक्षा जास्त आहे, त्याची झेरॉक्स काढून ठेव, फोटोही काढ. आणि बरा असतानाचा ईसीजीही कार्डिओलॉजिस्टला दाखव, त्यात डेल्टा वेव्ह, म्हणजे ठोक्याच्या रेषेच्या सुरुवातीला तिरका चढ, दिसली तर डब्ल्यूपीडब्ल्यू नावाचा जादा वाटेचाच एक प्रकार असू शकतो आणि त्यात औषधं जपून द्यावी लागतात.

घरी करता येईल असा एक उपाय आहे, पण आधी डॉक्टरकडून नीट शिकून घे. अर्धवट टेकून बसायचं, १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये दांडा जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं, मग लगेच सपाट आडवं व्हायचं आणि कुणीतरी दोन्ही पाय वर उचलून १५ सेकंद धरायचे. २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये यावर मोठा अभ्यास झाला, नुसतं फुंकून १७ टक्के रुग्णांची लय जागेवर आली आणि पाय वर केल्यावर ४३ टक्क्यांची. फुकटातला एवढा चांगला उपाय आमच्या शास्त्रात क्वचितच सापडतो. मानेची शीर दाबायचे व्हिडिओ बघून ते करू नकोस. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छातीत दुखलं तर फुंकत न बसता सरळ हॉस्पिटल. आणि एकट्याने विहिरीत किंवा नदीत पोहणं सध्या नको.

यावर कायमचा इलाजही आहे. मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन ती जादा वाट जाळतात, अ‍ॅब्लेशन म्हणतात त्याला, छाती उघडत नाहीत, आणि या प्रकारात नव्वद टक्क्यांहून जास्त लोक त्याने बरे होतात. लगेच करायलाच हवं असं नाही, पण पोलीस उपनिरीक्षकपदासाठी मैदानी चाचणी द्यायची असेल तर त्याच्या बरंच आधी कार्डिओलॉजिस्टशी बोलून घे.

प्रश्न: वडील ७१ वर्षांचे, कोल्हापूर, शुगरची गोळी बरीच वर्षं चालू आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. हल्ली कधी कधी पहाटे तीनला घामाने बनियन ओलं होऊन उठतात, छाती धडधडते, काहीतरी असंबद्ध बोलतात. चहा-बिस्किट दिलं की बरे होतात. बहुतेक एकादशीला किंवा उपासाच्या दिवशी होतं. हार्टचं असेल का?

उत्तर: उत्तर तुमच्याच पत्रात आहे, चहा-बिस्किटाने बरे होतात. ही शुगर खाली जातेय. ग्लिमेपिराइड तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही, ती शुगर उतरवत राहते, आणि उपासाला रात्री नुसतं दूध-केळं खाऊन झोपलं की पहाटे नेमकं हे होतं. ग्लुकोमीटर घरात ठेवा आणि त्या वेळी बोट टोचून बघा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर परत द्या, आणि मग भात किंवा भाकरी असं काहीतरी पोटभरीचं खाऊ घाला. बिस्किटापेक्षा साखरपाणी लवकर काम करतं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नका, १०८ बोलवा. या गोळीचा असर लांबतो त्यामुळे शुगर एकदा वर येऊन काही तासांत पुन्हा खाली जाऊ शकते, असंबद्ध बोलण्यापर्यंत गेलं असेल तर हॉस्पिटलमध्ये नेऊन देखरेखीखाली ठेवलेलं बरं.

याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि तीन गोष्टी विचारा. क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी, कारण किडनी मंदावली की हीच गोळी अंगात जास्त वेळ राहते. डोस कमी करायचा की गोळीच बदलायची, कारण सत्तरीनंतर शुगर अगदी काटेकोर ठेवायचा अट्टहास बरा नाही. आणि बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू आहे का, कारण ती धडधड दाबून टाकते आणि शुगर उतरलीये हे कळायला मग फक्त घामच उरतो. हृदयाचा ईसीजीही त्याच फेरीत काढून घ्या, वय ७१ आहे आणि शुगर आहे, एवढं कारण पुरे. एकादशी सोडायला सांगितलं तर ते ऐकणार नाहीत हे मी गृहीत धरतोय, म्हणून उपासाच्या दिवशी गोळी किती आणि कधी घ्यायची ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी गोळ्यांच्या डबीतच ठेवा.